कवळाण्याच्या मुलाची इंग्रजी पहिली

शिक्षणाच्या व्यवहारात एक उफराटा न्याय फार दिवसांपासून चालत आलेला आहे. ज्याला एखादी भाषा बऱ्यापैकी येते, त्याला ती अधिक सफाईने यावी म्हणून विद्वान आणि बहुश्रुत अध्यापकाची नेमणूक होते. आणि ज्याला तिचे एक अक्षरही ठाऊक नाही, त्याला मात्र शाळेतील सर्वांत नवख्या आणि सर्वांत कमी वेतनाच्या मास्तरांच्या स्वाधीन केले जाते, कारण ‘ए बी सी डी काय, कोणीही शिकवील’ असा समज पालकांपासून शिक्षणखात्यापर्यंत सर्वांच्या मनात घट्ट बसलेला असतो. हा समज खोटा ठरविण्यास पुरावा हवा असेल तर तो बडोद्याइतका दुसऱ्या कोणत्याही शहरात सापडणार नाही. कारण या शहराचा अर्वाचीन इतिहासच मुळी एका निरक्षर मुलाला इंग्रजी शिकविण्याच्या उद्योगापासून सुरू होतो, आणि तो उद्योग कोणा उमेदवारी करणाऱ्या मास्तरावर नव्हे, तर सनदी नोकरीतल्या एका अनुभवी अधिकाऱ्यावर सोपविण्यात आला होता.

१८७५ साली बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले, आणि खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची मुभा मिळाली. गायकवाड घराण्याची एक शाखा नाशिक जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातील कवळाणे या गावी शेती करून राहत होती. तेथून आणलेल्या मुलांपैकी काशीराव गायकवाडांचा गोपाळ, ज्याचा जन्म ११ मार्च १८६३चा, तो पसंत पडला आणि २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान होऊन सयाजीराव या नावाने गादीचा धनी झाला. आपल्या विषयाला उपयोगी बाब ती एवढीच की बारा वर्षांचा हा मुलगा बडोद्यास आला तेव्हा त्याला कोणत्याच भाषेत लिहिता-वाचता येत नव्हते. रान, गुरे, पीकपाणी, ऋतू आणि नातीगोती यांचे व्यवहार चालविण्याइतकी खानदेशी वळणाची बोली मात्र त्याच्या जिभेवर पक्की होती, आणि या भांडवलाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

दिवाण सर टी. माधवराव हे स्वतः तंजावरी मराठी घराण्यातले, कुंभकोणमला जन्मलेले आणि मद्रासेत इंग्रजी शिकलेले गृहस्थ. परभाषा आत्मसात करणे म्हणजे काय याचा अनुभव त्यांना पुस्तकातून घ्यावयाचा नव्हता. बालमहाराजांच्या शिक्षणासाठी एफ. ए. एच. एलियट या सनदी अधिकाऱ्याची योजना झाली. वऱ्हाडच्या शिक्षणखात्याचा कारभार पाहिलेल्या या माणसाला मराठी मुलूख परका नव्हता, आणि त्या काळी इंग्रज मुलकी अधिकाऱ्याला देशी भाषेच्या परीक्षा द्याव्याच लागत असत. म्हणजे ज्याने शिकवावयाचे, त्याने स्वतः कधीतरी परक्या लिपीपुढे आणि परक्या क्रियापदांपुढे बसून घाम गाळलेला होता. आपल्याकडे इंग्रजीच्या शिक्षकाची लायकी ठरविताना त्याला इंग्रजी किती येते हे बारकाईने पाहतात. त्याने एखादी भाषा प्रौढपणी, कष्टाने आणि लोकांत हसे करून घेत शिकलेली आहे काय, हे कोणी विचारीत नाही.

महाराजांना मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा जवळजवळ एकाच वेळी शिकाव्या लागल्या. ऐकताना हा जुलूमच वाटतो, आणि काही अंशी तो होताही. परंतु त्यातील एक गोष्ट सुज्ञपणाची झाली. इंग्रजी शिकण्यासाठी मराठी बाजूला ठेवावी लागली नाही. ‘कागदावरचे चिन्ह म्हणजे तोंडातला आवाज’ हे लेखनकलेचे मूळ रहस्य ज्या काळात त्या मुलाला परक्या भाषेत उलगडत होते, त्याच काळात ते स्वतःच्या बोलीतही उलगडत होते, आणि एका ठिकाणी अडलेले दुसऱ्या ठिकाणी सुटण्याची सोय होती. दुसरे असे की त्याला एकट्याला कोंडून शिकविले नाही. बंधू आणि सरदारांची मुले यांच्या सोबतीने शाळा भरे, तालीम आणि घोड्यावरची रपेट चाले. भाषा ही दोघांच्या मधली वस्तू असल्यामुळे तिचा अभ्यास एकट्याने करणे सर्वांत कठीण, हे खाजगी शिकवणीच्या मागे लागलेल्या आजच्या पालकांस पटणे अवघड आहे.

एलियट यांनी या अवधीत आपल्या शिष्याच्या घराण्याचा इतिहासही लिहून १८७९ साली प्रसिद्ध केला. शिक्षकाने विद्यार्थ्याच्या कुळाचा एवढा अभ्यास करावा अशी अपेक्षा कोणी सामान्य शाळेत ठेवणार नाही. पण विद्यार्थी कोणत्या घरातून, कोणत्या बोलीतून आणि कोणत्या जगातून आला आहे याची चौकशी तरी करावी, एवढी अपेक्षा अवास्तव नाही.

फळ काय मिळाले ते कागदोपत्री आहे. १८८१ साली माधवरावांनी महाराजांना राज्यकारभारावर जी व्याख्याने दिली, ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने छापली गेली. राजाचे कर्तव्य, न्यायदान, खर्चाची शिस्त, कारभाऱ्यांची निवड, ब्रिटिश सरकारशी संबंध असे गहन विषय त्यांत आहेत, आणि ती सर्व इंग्रजीत आहेत. त्याच वर्षाच्या २८ डिसेंबरला सयाजीरावांच्या हाती राज्याची मुखत्यारी आली. अक्षरओळखीपासून राज्यशास्त्रावरच्या परभाषेतील व्याख्यानापर्यंतचे अंतर साडेसहा वर्षांच्या आत तोडले गेले. पुढे १८९६मध्ये गिबनच्या रोमन इतिहासाच्या वाचनातून काढलेली त्यांची टिपणे ‘फ्रॉम सीझर टु सुलतान’ या नावाने आली. गोलमेज परिषदेपर्यंतची त्यांची इंग्रजी भाषणे तर सर्वश्रुत आहेत. हे सारे राजवैभवाच्या बळावर झाले, प्रत्येक गोपाळाला एलियट कोठून मिळणार, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्त आहे. परंतु दरबारच्या खजिन्याने विकत घेतले ते प्रामुख्याने दोनच पदार्थ: पुष्कळ वेळ आणि समजदार शिक्षक. आपल्या शाळांत आठवड्याच्या चार-सहा तासिकांत, साठ मुलांच्या वर्गात इंग्रजी शिकवावयाची आणि मग मुलांच्या बुद्धीला बोल लावावयाचा, हा मामला मला अन्यायाचा वाटतो.

आता ‘काहीच येत नाही’ असा जो विद्यार्थी आपण म्हणतो, त्याच्याकडे वस्तुतः काय असते हे पाहण्यास बडोद्याचा वर्ग फार सोयीचा आहे. कारण येथे दांडिया बाजारातला मराठी मुलगा आणि शेजारच्या पोळातला गुजराती मुलगा एकाच बाकावर बसून इंग्रजी गिरवतात, आणि दोघांच्या चुका निरनिराळ्या असतात. ज्याच्याकडे खरोखर काहीच नाही, त्याच्या चुकांना स्वतंत्र वळण कोठून येईल?

सर्वनामांचेच घ्या. मराठीत ‘तो’ आणि ‘ती’ यांची फारकत स्पष्ट आहे. म्हणून इंग्रजीतील ‘ही’ आणि ‘शी’ मराठी मुलाला लवकर साधतात. गुजरातीत पुरुषासाठी आणि स्त्रीसाठी ‘ते’ किंवा ‘ए’ हे एकच सर्वनाम चालते, तेव्हा गुजराती मुलाने आपल्या आईला दोन-तीन वेळा ‘ही’ म्हटले तर तो बेसावध नाही, आपल्या भाषेशी प्रामाणिक आहे. उलट मराठी मुलगा, ज्याच्या घरात खुर्ची ‘ती’ आणि पंखा ‘तो’ असतो, तो निर्जीव वस्तूंना ‘इट’ म्हणताना अडखळतो. उच्चारांतही असेच. ‘जहाज’मधला दंत्य ‘ज’ मराठी जिभेला जन्मतः साधलेला, त्यामुळे इंग्रजीतील ‘झेड’च्या आवाजाच्या निम्म्या वाटेवर मराठी मूल आधीच उभे असते; गुजराती मुलाला ती वाट आरंभापासून चालावी लागते. ‘हॉल’चा ‘होल’ आणि ‘स्नॅक’चा ‘स्नेक’ झाल्याचे विनोद या शहरात उभयपक्षी पुष्कळ चालतात, परंतु विनोद करणाऱ्या मराठी माणसाने आपल्या आजोबांच्या पिढीतले ‘ब्यांक’ आणि ‘म्याट्रिक’ विसरू नये. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांच्यापुढे तर दोघेही सारखेच हतबल. आपल्या एका ‘व’मध्ये ते दोन्ही आवाज बुडून जातात.

वाक्यरचनेच्या बाबतीत मात्र दोघांचे दुःख एक. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजांचे मध्येच येऊन बसते. आपण ‘टेबलावर’ म्हणतो, ते ‘वर’ आधी आणून ‘ऑन द टेबल’ म्हणतात. आपण म्हणतो ‘मला दोन भाऊ आहेत’, गुजराती म्हणतो ‘मारे बे भाई छे’. भाऊ आपल्यापाशी नुसते असतात. इंग्रजीत मात्र ते ‘हॅव’ या क्रियापदाने बाळगावे लागतात, आणि असे क्रियापद या दोन्ही भाषांच्या कोठारात नाही. ‘तू जातोस’ या वाक्याच्या शेवटी ‘का’ ठेवला की आपला प्रश्न तयार. इंग्रजीत त्यासाठी ‘डू’ नावाचा एक मुकादम वाक्याच्या दाराशी उभा करावा लागतो, ज्याला स्वतःचे काम काहीच नाही. ‘ए’ आणि ‘द’ या उपपदांबद्दल काय बोलावे! त्यांचा नीट वापर न येताही आपल्याकडे उत्तम वकील, डॉक्टर आणि कुलगुरूसुद्धा होऊन गेले; म्हणून नवशिक्याच्या पहिल्या वर्षात शिक्षकाने त्यांचा ध्यास घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि देवाला, गुरुजींना व गल्लीतल्या कुत्र्याला एकच ‘यू’ म्हणण्याचा संकोच सुसंस्कृत घरातल्या मुलाला किती दिवस छळतो, याची दखल कोणत्याही व्याकरणाने घेतलेली नाही.

लिपीचा प्रश्न याहून बिकट. देवनागरी किंवा गुजराती लिपी शिकलेल्या मुलाचा अक्षरावर विश्वास बसलेला असतो. ‘क’ हा सर्वत्र ‘क’च राहील, याची त्याला हमी असते. इंग्रजीत अक्षरे २६ आणि ध्वनी सुमारे ४४, तेव्हा एकेका अक्षराला अनेक चाकऱ्या कराव्या लागतात आणि हा विश्वास पहिल्याच आठवड्यात भंगतो. त्यात मोठी आणि लहान, छापील आणि वळणदार अशी प्रत्येक अक्षराची चार रूपे. म्हणजे चार रेघांच्या वहीत १०४ आकृत्या गिरविल्याशिवाय एक जिवंत वाक्य कानी पडावयाचे नाही, असा जुना शिरस्ता. ‘सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर’ हा घोष मराठी शाळांच्या भिंतींनी इतक्या वर्षांत इतक्या वेळा ऐकला, आणि तरी तो करणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना समोरून मांजर गेले असता इंग्रजीत एक वाक्य बोलता आले नाही.

शिकविण्याच्या पद्धतींचा इतिहास मोठा आहे, पण त्याचा सारांश लहान. आपल्या मागच्या कित्येक पिढ्यांनी तर्खडकरांची ‘भाषांतर पाठमाला’ पुढे ठेवून इंग्रजी केली: आरंभी शब्द, मग मराठी वाक्ये, त्यांचे इंग्रजी करावयाचे, मग उलट. या पुस्तकाला आज नावे ठेवण्याची रीत आहे. ती मला मान्य नाही. तर्खडकरांनी शिकणाऱ्याच्या मराठीला अडगळ न मानता पायरी मानले, आणि घरी शिक्षक नसलेल्या, खेड्यातून आलेल्या, दिव्याखाली एकट्याने बसणाऱ्या मुलाला हाताशी धरले. त्यांचा दोष एवढाच की त्या पायरीवर कान आणि जीभ यांना जागा राहिली नाही, आणि इंग्रजी हे गणितासारखे सोडवावयाचे प्रकरण झाले. त्याविरुद्ध प्रतिक्रिया म्हणून ‘डायरेक्ट मेथड’ आली, जिने वर्गात देशी भाषेचा शब्द उच्चारणे निषिद्ध ठरविले. पुस्तक उचलून ‘धिस इज ए बुक’ म्हणणे सोपे. पण ‘उद्या’, ‘कदाचित’ आणि ‘प्रामाणिक’ हे पदार्थ कोणत्या टेबलावरून उचलून दाखवावयाचे? एका मराठी शब्दाने क्षणात होणारे काम अर्धा तास हातवारे करून साधावयाचे, हा निव्वळ हट्ट होता.

या दोन टोकांमधून वाट काढणाऱ्यांत मायकेल वेस्ट यांचे नाव आदराने घ्यावे लागते. ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते आणि बंगाली मुलांच्या अडचणी पाहून त्यांनी १९२०च्या दशकात असा विचार मांडला की नवशिक्याला आधी वाचनाची गोडी लावावी, आणि त्याच्यापुढे येणारे शब्द मोजून-मापून, उपयोगाच्या क्रमाने यावेत. १९५३ साली त्यांनी सुमारे २,००० सर्वोपयोगी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. जगभरच्या सोप्या इंग्रजी पुस्तकांवर तिचा ठसा आहे. पुढे आपल्याकडच्या शासकीय शाळांत वाक्यरचनांची पायरी-पायरीने मांडणी करणारी ‘स्ट्रक्चरल’ पद्धती आली आणि गेलीही. भारतीय भूमीवर झालेल्या या कामाचा पाया एकच होता: मुलाच्या डोक्यात आधी काय आहे, हे शिक्षकाने जाणावे.

याच शहरात इंग्रजी शिकविणारा आणखी एक शिक्षक होऊन गेला, ज्याचे नाव जगाला निराळ्याच कारणाने माहीत आहे. १८९३ साली अरविंद घोष विलायतेहून थेट बडोद्याच्या नोकरीत आले, आणि जमाबंदी-खात्यासारख्या कचेऱ्यांत काही काळ काढल्यावर बडोदा कॉलेजात आधी फ्रेंच व मग इंग्रजी शिकवू लागले. इंग्रजी त्यांची बालपणापासूनची भाषा. पण मराठी आणि गुजराती त्यांनी बडोद्यात येऊन, अगदी आरंभापासून शिकल्या. आपली शैली सुधारण्यासाठी मेकॉलेचे अनुकरण करू का, असे विचारणाऱ्या एका विद्यार्थ्याला त्यांनी कोणाचेही दास न होण्याचा सल्ला दिल्याची आठवण त्या विद्यार्थ्यानेच लिहून ठेवलेली आहे. कॉलेजातल्या वरच्या वर्गाला दिलेला हा सल्ला खालच्या वर्गांपर्यंत कधी झिरपला नाही. तेथे घोकलेल्या निबंधांचे राज्य अबाधित राहिले.

स्वतः इंग्रजीच्या बळावर जगभर वावरलेल्या सयाजीरावांनी रयतेच्या बाबतीत मात्र आरंभ देशी भाषेतूनच व्हावा हे धोरण ठेवले. १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सबंध राज्यात त्यांनी जे सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, ते मातृभाषेतून होते. इंग्रजी त्यानंतर येत असे, आणि ‘इंग्रजी पहिली’ ही मराठी चौथीच्या पुढची इयत्ता असे. स्वातंत्र्यानंतर खेर मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई राज्याने पाचवी ते सातवीच्या वर्गांतून इंग्रजी काढून तिचा आरंभ आठवीवर नेला. बडोदे तेव्हा नुकतेच त्या राज्यात विलीन होत होते. मग लंबक उलट फिरला. महाराष्ट्राने २०००च्या जूनपासून पहिलीतच इंग्रजी आणली, गुजरातने २०२२मध्ये तोच मार्ग धरला. कोणत्या इयत्तेत आरंभ करावा यावर जेवढी शाई खर्ची पडली, तिचा दहावा हिस्साही आरंभ कोणाच्या हातून व्हावा या प्रश्नाला मिळाला नाही. सहाव्या वर्षी अज्ञ शिक्षकाकडून शिकलेली इंग्रजी तेराव्या वर्षी जाणत्या शिक्षकाला आधी पुसावी लागते, आणि पुसण्याचे काम लिहिण्याहून जिकिरीचे.

लहान मुलांखेरीज नवशिक्यांचा दुसरा एक वर्ग या शहरात आहे, ज्याची गणना शिक्षणखात्याच्या दप्तरात होत नाही. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतला कारागीर, दुकानात हिशेब ठेवणारा मुनीम, परदेशी स्थायिक झालेल्या मुलाकडे निघालेली आई, हे सर्व वयाच्या तिशीत, चाळिशीत किंवा साठीत इंग्रजीच्या दाराशी येतात. त्यांच्यापैकी कोणालाही ‘आय ॲम ए बॉय’ या वाक्याचे प्रयोजन नसते. कारागिराला यंत्रावरच्या सूचना वाचावयाच्या असतात. मुनिमाला पत्राचा मायना हवा असतो. आईला विमानतळावरच्या चौकशीत नाव, पत्ता, कोणाकडे आणि किती दिवस, एवढ्या चार उत्तरांची शाश्वती हवी असते, आणि पुढे नातवंडांशी दोन शब्द. यांना अक्षरांच्या १०४ आकृत्यांत अडकविणे म्हणजे वर्ग रिकामा करण्याचा हमखास उपाय. टेबल, स्विच, मीटर, पास, चार्ज, लोन, रिपोर्ट असे कितीतरी शब्द त्यांच्या नित्य वापरातले असतात. ते फळ्यावर मांडून पहिल्या दिवशीच त्यांना दाखवावे की यातले बरेच तुम्हांस आधीच येते, आणि मग त्या शब्दांभोवती एकेक वाक्य उभे करावे. आईकडून विमानतळावरची ती चार उत्तरे प्रश्नोत्तरांच्या रूपाने, शिक्षकाने अधिकारी होऊन, वीस-पंचवीस वेळा वदवून घ्यावी; व्याकरणाचे नाव महिनाभर काढू नये. उच्चारावर हसणाऱ्यास वर्गात जागा देऊ नये, मग तो कितीही फी देणारा असो. आणि कारागिरांसाठी वर्ग काढावयाचा झाल्यास त्याची वेळ कारखान्याच्या पाळ्या पाहून ठरवावी, कारण पाळी दर आठवड्याला बदलते, आणि संध्याकाळचा एकच ठराविक तास ठेवणाऱ्या वर्गातून दुसऱ्या पाळीवर गेलेला माणूस पहिल्याच महिन्यात गळतो.